शेवाळाला गोडं पाणी

बागा ताणावर सोडल्या, की आमच्या अंबडकडच्या रानात विचित्र शांतता येते. मोसंबीला फूल भरघोस यावं म्हणून दीड-दोन महिने पाणी तोडायचं, झाडाला मुद्दाम तहानेलं ठेवायचं, याला ताण देणं म्हणतात. मोटारी बंद, ठिबकच्या नळ्या कोरड्या, पानं पिवळी पडून गळायला लागलेली. रस्त्यानं अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर हेलकावत जातात, वाऱ्यावर मळीचा आंबूस वास येतो आणि बागेत माणसाला काही म्हणजे काही काम नसतं. या दिवसांत मला दरवर्षी समुद्र आठवतो. जालना जिल्ह्यातल्या बाईला डिसेंबरात समुद्र आठवतो म्हटल्यावर बदनापूरच्या माझ्या शाळेतल्या बाया हसतात. हसोत बापड्या.

आठवतो तो एकच हंगाम, सहा वर्षांपूर्वीचा. तेव्हा मी शाळेत नव्हते. शेतकीची पदवी घेऊन एका संस्थेत कंत्राटावर लागले होते आणि संस्थेनं मला रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पाठवलं होतं, समुद्री शेवाळाची शेती बायकांना शिकवायला. त्या हंगामात मी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सोबत नेलं. तिथलं शेवाळ आपल्या हातानं मेलं, असं नाना तेव्हापासून धरून बसले होते. खरं काय ते मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी त्यांना तसं धरून बसू दिलं. ही गोष्ट मी या रविवारपर्यंत कुणाजवळ बोलले नव्हते.

शेवाळ हा शब्द आमच्याकडे चांगल्या अर्थानं कुणी वापरत नाही. शेवाळ म्हणजे विहिरीत पायरीवर धरतं ते, ज्यावरून पाय घसरतो ते. हौद धुताना दगडानं खरवडून काढायचं. त्याची कुणी शेती करतं आणि वर त्यासाठी पोरीला पगार देतं, हे ऐकून नानांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं होतं. मग मी त्यांना समजावायला बसले. मी तेव्हा फार समजवत असे. जो भेटेल त्याला समजवत असे.

नाना जास्त शिकलेले नाहीत, पण कर्ब हा शब्द त्यांना पक्का माहीत होता. माती तपासून आणली की त्या कागदावर दरवर्षी तीच ओळ असते, सेंद्रिय कर्ब अत्यंत कमी. आमच्याकडे कर्ब म्हणजे जे रानात हवं आणि नसतं ते. मी सांगितलं, धुरातून निघालेला कर्ब हवेत साठलाय, म्हणून ऊन वाढत चाललंय. हे शेवाळ तो कर्ब खातं आणि झपाट्यानं वाढतं, त्याला ना खत लागतं ना जमीन. त्यातलं काही तुटून खोल समुद्रात तळाशी गेलं, की तो कर्ब तिथंच गाडला जातो, शेकडो वर्षं वर येत नाही.

नाना म्हणाले, "म्हंजे ते ऊन पितंय म्हन की."

"हो. तसंच समजा."

"अन् मंग थोडा कर्ब इकडं आन की. आपल्या रिपोर्टात कमीच हाय."

आम्ही दोघं हसलो. आई चुलीपुढून म्हणाली, बापलेकीला दुसरं काम नाही. त्याच पावसाळ्यात आई गेली. आता त्या संध्याकाळचा विचार करते तेव्हा मला माझे ते दोन शब्द टोचतात. तसंच समजा. शिकलेल्या माणसानं कमी शिकलेल्याला असं कधी सांगू नये. तो खरंच तसं समजतो.

आई गेल्यावर नाना घरात बोलेनासे झाले. डिसेंबर लागला, बाग ताणावर गेली, आणि उरलंसुरलं कामही हातातून गेलं. सकाळी उठून बागेत जायचे, पिवळ्या पडणाऱ्या झाडांकडे बघायचे आणि परत यायचे. ताण म्हणजे झाडापेक्षा माणसाची परीक्षा. लेकरू पाणी मागतंय आणि आपण हातावर हात ठेवून बसायचं. मी सुट्टीवर आले होते, त्यांना म्हटलं, चला माझ्यासोबत, महिनाभर समुद्र बघा. बागेला तुमचं काम नाही अन् मला सोबत होईल. शेजारच्याला बागेकडे बघायला सांगून ते निघाले. अंबड सोडेपर्यंत एसटीच्या खिडकीतून प्रत्येक बाग कुणाची ते मला सांगत होते. पुढं झोप लागली.

समुद्र पाहिल्यावर माणूस काय बोलेल याचे माझ्या डोक्यात आधीच काही हळवे बेत होते. नाना चपला हातात घेऊन पाण्यापर्यंत गेले, वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकले. आमच्याकडे बोअर फार खोल गेला की पाणी खारं लागतं आणि त्या पाण्यानं मोसंबी जळते. ते मागं वळून मला गंभीरपणे म्हणाले, "इथला बोअर लईच खाली गेल्ता वाटतं."

तिथं पंधराएक कोळणींचा गट होता. त्यांची पुढारीण मंदाकाकी, पन्नाशीची, काळीसावळी, ठणठणीत आवाजाची. खाडीच्या तोंडाशी उथळ पाण्यात बांबूचे तराफे नांगरलेले असायचे. तराफ्याला दोऱ्या आडव्या बांधायच्या आणि दोरीला वितीवितीवर शेवाळाचा बोटभर तुकडा बांधायचा. दीड महिन्यात त्या तुकड्याचा मोठा झुबका होतो. ओहोटीला बायका कंबरभर पाण्यात उभ्या राहून तराफे झाडायच्या, चिकटलेली घाण काढायच्या, आणि सारखं बोलत असायच्या. मी एका बाजूला वजनं करायचे, नमुने वाळवायचे, पाण्याचं तापमान लिहून ठेवायचे. किती कर्ब धरला गेला हे दाखवायचं होतं. ते कागद कुठंतरी लांब, ज्यांच्या कारखान्यांतून धूर निघतो अशा लोकांना दाखवले जाणार होते.

शेवाळ बांधायची गाठ अवघड. सैल राहिली तर लाटेनं तुकडा निसटतो, आवळली तर तिथंच कापला जातो. दोन दिवस बघत बसल्यावर नाना पुढं सरकले. आमचे आजोबा मेंढरांमागं फिरलेले, नाना लहानपणी त्यांच्यासोबत. कोकराच्या गळ्यात बांधायची एक गाठ असते, ती सुटत नाही आणि ओढलं तरी आवळत नाही. नानांनी ती गाठ घातली. मंदाकाकीनं दोरी हातात घेऊन ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली आणि ओरडली, "ए बायांनो, इकडं या गो, नाना काय दाखवतायत बघा!"

आठवड्याभरात सगळा गट कोकराची गाठ मारू लागला. बायका नानांना चिडवायच्या, मेंढरं पाण्यात कधी उतरवताय म्हणून. नाना लाजून हसायचे. आई गेल्यानंतर मी त्यांना हसताना बघितलं ते तिथं. दिवसभर उन्हात बसून हजारो तुकडे बांधायचे आणि संध्याकाळी मला विचारायचे, "आज आपन किती ऊन बांधलं, बाई?" मी कौतुकानं काहीतरी उत्तर द्यायचे. एकदाही म्हटलं नाही की नाना, असं नसतं.

मग दूरच्या किनाऱ्यावरून बियाण्याची मोठी गाडी आली. शेवाळाचं बियाणं म्हणजे जिवंत शेवाळच. ओल्या गोणपाटात गुंडाळून, क्रेटमध्ये भरून, दोन दिवस प्रवास करून आलेलं. त्यातून साठ नवे तराफे लावायचे होते, गटाचा सगळा हंगाम त्या क्रेटांत होता. ओहोटी दुपारनंतर होती. तोवर क्रेट माडांच्या सावलीत रचून ठेवले आणि घटकेघटकेला बायका समुद्राचं पाणी बादलीनं आणून त्यावर मारत होत्या. मग सगळ्या जेवायला गेल्या. मीही गेले. नानांना म्हटलं, तुम्ही इथं थांबा, कुत्री येतात. अन् गोणपाट वाळलं तर पाणी मारा.

कुठलं पाणी, ते मी सांगितलं नाही. मला सांगावंसं वाटलंच नाही. समुद्र दहा पावलांवर होता.

पुढं काय झालं ते नानांनीच मला नंतर सांगितलं. बायका त्या कोवळ्या रोपांवर खारं पाणी मारतात, हे सकाळपासून त्यांना बघवत नव्हतं. त्यांना वाटलं, बिचाऱ्यांचा नाइलाज आहे, गोडं पाणी वर विहिरीत, कोण चढणार एवढं? वाढलेलं शेवाळ खारं सोसत असेल, पण हे तर बियाणं, दोन दिवसांचं थकलेलं. मेंढराला मीठ चालतं, रोपाला नाही, हे आमच्याकडे कुणीही सांगेल. म्हणून ते घागर घेऊन विहिरीवर गेले. तिथून किनाऱ्यापर्यंत जांभ्याच्या उंच पायऱ्या आहेत. अडुसष्ट वर्षांचा माणूस भर दुपारी घागर खांद्यावर घेऊन त्या पायऱ्या किती वेळा उतरला आणि चढला, त्यांनी मोजलं नव्हतं. एकेक गोणपाट उचलून, एकेका क्रेटला, हातानं थोपटत त्यांनी पाणी दिलं. महिनाभर स्वतःच्या झाडांना पाणी तोडून बसलेला माणूस. त्यांनी मन भरून दिलं.

गोड्या पाण्यात समुद्री शेवाळ फुटतं. त्याच्या अंगात मीठ असतं, ते गोडं पाणी आत ओढून घेतं आणि आतून फाटतं. आम्ही आलो तेव्हा क्रेटांखालून तांबूस पाणी वाळूत झिरपत होतं. नाना घाम पुसत उभे होते. आम्हाला बघून म्हणाले, "समद्यायला दिलं बराबर. बिलकुल कोरडं न्हाई ठेवलं."

मंदाकाकीनं हात घालून एक तुकडा उचलला. तो तिच्या बोटांत लिबलिबीत लोंबला. तिनं तो जपून परत ठेवला आणि तिथंच वाळूत बसली. ओरडले ती मी. सगळ्यांसमोर ओरडले. एवढं आयुष्य शेतीत गेलं आणि विचारायची अक्कल नाही का, म्हणाले. अजूनही काही म्हणाले, ते लिहवत नाही. नाना घागर हातात धरून ऐकत होते. त्यांना आधी कळलंच नाही काय झालंय. मग त्यांनी वाकून त्या तांबूस पाण्याला बोट लावलं आणि त्यांचा चेहरा बदलला. तो चेहरा मी विसरावा म्हणून फार प्रयत्न केलेत.

दुसऱ्या सकाळी सगळं बियाणं पांढरं पडलं होतं. मी नानांना जालन्याच्या गाडीत बसवलं. ते एकटे एवढ्या लांब कधी गेले नव्हते. खिडकीशी उभी राहून मी पाण्याची बाटली दिली, तेवढंच. ते म्हणाले, "त्या बायांना सांग, म्या जानून न्हाई केलं." मी हो म्हटलं. बायकांना ते सांगायची गरज नव्हती. मंदाकाकी उलट माझ्यावर रागावली होती, बापाला असं एकटं लावून दिलं म्हणून.

गटानं धीर सोडला नव्हता. जुने तराफे अजून पाण्यात होते, तजेलदार, तपकिरी-हिरवे. त्यांचेच तुकडे करून नवे लावू, असं ठरलं. पण जानेवारी सरता सरता मंदाकाकी पाण्यातून बाहेर येऊन म्हणाली, "मॅडम, पाणी पायाला कोमट लागतंय. ह्या दिवसांत असं कधी नव्हतं." माझ्या वहीतले आकडे तेच सांगत होते, रोज थोडे थोडे वर. आधी शेंड्यांवर पांढरे ठिपके आले, मग फांद्या पांढऱ्या होऊन मोडायला लागल्या. नानांचा हात कधी लागला नव्हता असे तराफेसुद्धा. तीन आठवड्यांत दोऱ्यांवर नुसत्या गाठी उरल्या, सुटल्या नाहीत आणि आवळल्याही नाहीत. मेलेलं शेवाळ खोल समुद्रात वगैरे गेलं नाही. भरतीनं ते किनाऱ्यावर आणून टाकलं, तिथं ते उन्हात कुजलं आणि त्यानं धरलेला सगळा कर्ब वास मारत परत हवेत गेला. ज्यानं ऊन प्यायचं, त्यालाच ऊन लागलं होतं.

संस्थेला अहवाल द्यायचा होता. मी समुद्र तापल्याचं लिहिलं. वरून फोन आला. समुद्र तापला म्हणून लिहिलं तर पुढच्या किनाऱ्यावरचं कामही थांबेल, लोक म्हणतील ही शेती टिकणारच नाही. बियाणं हाताळण्यात चूक झाली, ते तर खरंच आहे ना? मग तेच कारण द्या. चूक सुधारता येते. मी तेच कारण दिलं आणि खाली सही केली. स्वतःला समजावलं की यातून पुढं कुठंतरी शेवाळ वाढेल. त्या कागदावर नानांचं नाव नाही, 'स्थानिक मदतनीस' असं आहे. नाना तिथले स्थानिकही नव्हते. कंत्राट संपलं, मी परत आले आणि शाळेत लागले. गटाच्या बायका पुन्हा मासळी सुकवायला लागल्या. मंदाकाकीचे सणाला फोन यायचे, ते आता येत नाहीत.

कर्बाचा हिशोब मी आता पोरांना शिकवते, पण पुस्तकात आहे तेवढाच. जे तेव्हा मला कळत होतं आणि मी बोलत नव्हते, ते असं की शेवाळ जगलं असतं तरी बहुतेक कापून विकलंच जाणार होतं. आमच्या अंबडच्या दुकानात त्याच्या अर्काच्या बाटल्या मिळतात, मोसंबीवर फवारायला. समुद्रानं हवेतून ओढलेला कर्ब बाटलीत बसून आमच्या रानात येतो आणि चार दिवसांत हवेत जातो. तळाशी किती जातं, तिथं किती टिकतं, हे कुणालाच धड मोजता येत नव्हतं, मलाही नाही. मी वजनं करत होते आणि आशा लिहीत होते.

नानांनी त्यानंतर रोपाला हात लावणं सोडलं. भावकीत कुणाच्या रानात नवी लागवड असली की पूर्वी पहिलं पाणी नाना घालायचे. आता बांधावर हात मागं बांधून उभे राहतात. कुणी आग्रह केला तर म्हणतात, "माझा हात नको. माझ्या हाताला गुन न्हाई." लोकांना वाटतं, बायको गेल्यापासून असं करतात. मीही कुणाला काही सांगितलं नाही. आधी रागात गप्प राहिले, नंतर सहीच्या लाजेनं.

या रविवारी गावी गेले होते. गेल्या उन्हाळ्यात आमची बाग होरपळली, टँकर घालूनसुद्धा. आता ताणाच्या दिवसांत सगळीच झाडं पिवळी, उघडी. कुठलं नुसतं तहानेलं आणि कुठलं मेलेलं, ते बघून कळत नाही. नखानं साल खरवडायची. आत हिरवं दिसलं तर झाड आहे. नाना एकेका झाडापाशी थांबून खरवडत होते, मी मागं चुन्याचं डबडं घेऊन. आत कोरडं निघालं की बुंध्यावर पांढरी फुली मारायची, तोडणाऱ्याला कळावं म्हणून. तिसऱ्या ओळीत लागोपाठ फुल्या पडल्या. नाना थांबले, बुंध्यावर हात ठेवून उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे माझ्यामुळंच हाय, बाई."

"काय?"

"हे ऊन. ते शेवाळ जगलं असतं तर येवढं ऊन पडलं नसतं. त्यानं पिलं असतं ना थोडं तरी. साऱ्या मुलखाला भोवलं माझं ते पानी. म्या कोनाला सांगत न्हाई, पन दर उन्हाळ्यात मनात येतंच."

मी डबडं खाली ठेवलं. सहा वर्षं या माणसानं जालना जिल्ह्याचं ऊन स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं, आणि मला वाटत होतं की ते फक्त त्या क्रेटांसाठी झुरताहेत. मी सगळं सांगून टाकलं. जुने तराफे कसे मेले ते. समुद्र कसा तापला होता, मंदाकाकीच्या पायाला काय लागलं, माझ्या वहीत काय होतं. अहवालावरची माझी सहीसुद्धा सांगितली. बोलता बोलता रडू आलं. म्हटलं, नाना, तुमच्या हातानं नाही मेलं ते. तुम्ही पाणी घातलं नसतं तरी मेलंच असतं. त्या वर्षी तिथं कुणीही काहीही केलं असतं तरी ते मेलंच असतं.

मला वाटलं होतं, त्यांचा जीव हलका होईल. त्यांनी सहीबद्दल काही विचारलं नाही. पुढच्या झाडाची साल खरवडली, आत बघितलं, नखातली भुकटी फुंकून टाकली. मग म्हणाले,

"हे कामून सांगितलंस, बाई? माझ्या हातानं मेलं होतं तवर बरं होतं. पुढल्या खेपंला माझ्यावानी अडानी कोनी तिथं गेला नसता, अन् ते जगलं असतं."